पितळ उघडे पडते तेव्हा

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फुटांवर आहे. वरच्या बारा फुटांचे पाणी कोणाकोणाच्या घरात गेले, हे शाहूपुरीतल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यात ते छातीपर्यंत चढले आणि पाच-सहा दिवस तिथेच बसून राहिले. पाणी उतरल्यावर गाळ उपसत असताना जिन्याखालच्या खोलीतून आबांची पत्र्याची ट्रंक बाहेर आली. आबा म्हणजे माझे आजोबा. ते १९८८ मध्ये गेले आणि त्यानंतर ती ट्रंक कोणी उघडली असावी असे वाटत नाही. पंचनाम्याला माणसे येणार होती म्हणून मी ट्रंकेतली एकेक वस्तू अंगणातल्या फरशीवर मांडली आणि मोबाइलवर तिचा फोटो काढला : भिजून फुगलेल्या वह्या, कोटाची बटणे, तांब्याची फुलपात्रे, चष्म्याचे घर आणि चिखलाने माखलेले, मुठीत मावेल एवढे एक दाढीचे यंत्र. नुकसानभरपाईच्या यादीत त्या यंत्राला जागा नव्हती. फोटो मात्र काढला गेला, आणि आज मागे वळून पाहताना वाटते की त्या दिवशी माझ्या हातून झालेले एकमेव शहाणपणाचे काम तेच होते.

आमच्या घरात त्याला कोणी रेझर म्हणत नसे, ‘आबांचं मशीन’ म्हणत. त्याचे तीन भाग होते. वर किंचित कमानदार टोपी, तिच्याखाली दोन्ही कडांना कंगव्यासारखे दात असलेली पट्टी आणि खाली आट्यांवर फिरवून बसवायची मूठ, जिच्यावर पकड घसरू नये म्हणून बारीक जाळीदार खाचा कोरलेल्या होत्या. पट्टीच्या पाठीवर शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत गिलेटचे नाव होते आणि बाजूला ‘मेड इन इंग्लंड’ अशी अक्षरे. शाहू मिलमध्ये कारकुनी करणाऱ्या माणसाकडे ही विलायती वस्तू कशी आली, याबद्दल घरात एकमत नाही. मुंबईच्या चोरबाजारात घेतली असे आत्ती सांगते. लग्नात कोणा मारवाडी स्नेह्याने दिली असे बाबा सांगत. दोघेही तितक्याच खात्रीने सांगत, त्यामुळे मी निवाडा करायचे सोडून दिले आहे.

चिखल धुतल्यावर यंत्र उघडले, तेव्हा आत ब्लेड तसेच होते. ब्लेड म्हणजे ब्लेडचे उरलेले तांबूस पापुद्रे. बोट लागताच ते गळून पडले आणि दातेरी पट्टीवर ब्लेडच्या आकाराची गंजाची चौकट तेवढी मागे राहिली. मला याचे नवल वाटले, कारण आबा दाढी झाल्यावर यंत्राचे तिन्ही भाग सुटे करीत, धुवून पंचाच्या टोकाने कोरडे करीत आणि ब्लेड वेगळे पुसून त्याच्याच कागदात घालून ठेवीत, हे मी लहानपणी रोज पाहिले होते. मिलचा भोंगा होण्याआधी हा सगळा विधी पार पडलेला असे. मग शेवटचे ब्लेड आत कसे राहिले? आत्तीला विचारले तेव्हा ती म्हणाली, “शेवटची दाढी त्यांनी कुठं केली? तुझ्या बाबांनी केली की. अंथरुणातच.” आणि ती दुसऱ्या विषयाकडे वळली.

आता माझी चूक. यंत्र पिवळे दिसत होते. त्यावर काळपट, तपकिरी, ठिकठिकाणी हिरवट असे पुटावर पूट चढले होते, पण त्यामागून दिसणारा रंग पिवळाच होता, आणि आमच्यासारख्या घरात पिवळा धातू म्हणजे पितळ हे ठरलेले असते. पितळ कसे घासायचे हे कोल्हापुरात कोणाला शिकवावे लागते? चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ, भांड्यांची पावडर आणि नारळाची शेंडी. दिवाळीच्या आधी आई समया, घंगाळे आणि देवघरातली घंटा याच रीतीने घाशी आणि ती भांडी दुपारच्या उन्हात अंगणात पालथी घातली की त्यांच्याकडे बघवत नसे. मी तीच रीत आबांच्या यंत्रावर चालवली. शेंडीच्या जागी फक्त दात घासायचा जुना ब्रश घेतला आणि मुठीवरच्या खाचांमध्ये अर्धा तास जिद्दीने फिरवला. चिंचेने आपले काम चोख केले. यंत्र झळाळू लागले, घरातल्या सगळ्यांनी हातात घेऊन पाहिले आणि मी ते खिडकीतल्या फळीवर शोभेला ठेवले.

महिन्याभरात ते काळवंडू लागले. पावसाळी हवेत पितळ काळवंडतेच, त्यात विशेष काही नव्हते, म्हणून पुन्हा घासण्यासाठी ते सुटे केले. तेव्हा दिसले की बाहेरून सगळे तपकिरी पडले असले तरी टोपीच्या पोटाकडची बाजू आणि मुठीच्या आट्यांच्या तोंडाशी असलेली खोलगट वाटी अजून लख्ख होती. माझा ब्रश तिथे पोहोचला नव्हता, आणि जिथे ब्रश पोहोचला नव्हता तिथलीच झळाळी टिकून होती. दोन्ही जागांच्या रंगातही फरक होता. बाहेरचा पिवळा रंग लिंबाकडे झुकणारा, आतला हळदीकडे. काहीतरी बिनसले आहे एवढे कळले, पण काय ते कळेना.

गुजरीतल्या एका सराफाकडे आमचे दोन पिढ्यांचे येणे-जाणे आहे. त्याने यंत्राचे भाग मखमलीच्या तुकड्यावर ठेवले, डोळ्याला भिंग लावले, टोपी दोन-तीनदा उलटीपालटी केली आणि विचारले, “हे घासलं कुनी?”

“मीच.”

“कशानं?”

मी सांगितले. त्याने भिंग काढून ठेवले. “आत सोनं हाय बगा, भाईर पितळ. मुलामा हुता त्यो. लई पातळ असतोय. चिच्चेचं पानी आन् पावडर लावल्यावर ऱ्हातोय व्हय त्यो?”

मराठीत ‘पितळ उघडे पडणे’ हा वाक्प्रचार माणसांबद्दल वापरतात. मी तो शब्दशः करून दाखवला होता, आणि उघडे पडले ते पितळ यंत्राचे की माझे, हे त्या दुकानात बसून ठरवणे अवघड होते.

चूक नेमकी कुठे झाली हे समजायला मला बरेच दिवस लागले. समई किंवा घंगाळे अंगचे पितळेचे असते. तांबे आणि जस्त यांचा तो मिश्रधातू वरपासून खालपर्यंत एकच असतो. घासताना त्याचा जो अतिसूक्ष्म थर निघून जातो, त्याच्याखाली पुन्हा तेच पितळ असते. म्हणून आईच्या समईला पन्नास दिवाळ्या सोसतात. दाढीच्या जुन्या यंत्रांचे अंगही बहुधा पितळेचेच, पण त्यावर दुसऱ्या धातूचे पांघरूण असते : पुष्कळदा निकेलचे, कधी चांदीचे किंवा सोन्याचे, आणि पुढच्या काळात क्रोमचे. निकेलचा थर त्यातल्या त्यात जाड, पण तोही काही मायक्रॉनांचाच. सोन्याचा थर तर एका मायक्रॉनाच्याही अंशात मोजावा एवढा असू शकतो आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनांचा असतो, एवढे सांगितले तरी मी अर्धा तास ब्रश फिरवून काय केले असेल याची कल्पना यावी. ओप देणे म्हणजे काहीतरी चढवणे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ओप देताना आपण पृष्ठभाग खरवडून काढत असतो, फक्त इतक्या बारीक कणांनी की त्यांचे ओरखडे डोळ्याला न दिसता चकाकी म्हणून दिसतात.

त्याहून मनाला लागणारी गोष्ट पुढे आहे. सोने काळवंडत नाही. यंत्रावर जे काळे-तपकिरी दिसत होते, त्यातले बरेचसे धातूचे नव्हतेच. ते साबणाचे होते. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग झाला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो, आणि तो दातांच्या फटींत, खाचांच्या तळाशी वर्षानुवर्षे साठत जातो. त्यावर पुराचा गाळ बसला होता. हिरवट ठिपके होते ते मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खालचे तांबे बाहेर डोकावल्याचे. या सगळ्याला कोमट पाणी, भांड्यांच्या द्रव साबणाचे चार थेंब, तासभर धीर आणि मऊ ब्रश पुरले असते.

मराठी घरांत धातूवर पांघरूण घालण्याची कल्पना नवी नाही, आणि म्हणूनच मला स्वतःचा अधिक राग आला. तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कल्हई करतात ती याचसाठी, की आंबट पदार्थ कळकू नयेत. गल्लीत भाता मांडून बसलेला कल्हईवाला, नवसागराचा तो नाकात झोंबणारा पांढरा धूर आणि तापलेल्या पातेल्यात कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवलेले कथील, हे माझ्या पिढीने पाहिले आहे. कल्हई झालेल्या भांड्याची आतली बाजू राखेने खसाखसा घासणाऱ्या सुनेला सासू काय म्हणत असे, तेही ऐकले आहे. आतून पांघरूण आणि बाहेरून अंगचे पितळ हा भेद आमच्या आज्यांना हाताने माहीत होता. मला तो सोनाराने सांगावा लागला.

सोनाराने आणखी एक गोष्ट दाखवली. दुकानामागच्या मोरीत एका वाडग्यात रिठे भिजत होते; त्या फेसाळ पाण्यात त्याने टोपी बुडवली, डुकराच्या केसांच्या मऊ ब्रशने हलकेच फिरवली, साध्या पाण्यात खळबळली आणि लाकडाच्या भुशात टाकून कोरडी केली. रिठ्यात चिंचेसारखे तीव्र आम्ल नाही, खरवडणारे कण नाहीत, आहे तो केवळ मळ सोडवणारा फेस. दरवर्षी नवरात्राच्या आधी अंबाबाईच्या दागिन्यांची स्वच्छता होते, त्याच्या बातम्या आपण वाचतो आणि फोटो पाहून पुढे जातो. शतकानुशतकांचे सोने झिजू न देता उजळवणे ही केवढी संयमाची विद्या आहे, हे त्या भुशात चाचपडून टोपी शोधताना मला पहिल्यांदा जाणवले.

त्यानंतर मी जुन्या यंत्रांच्या मागेच लागलो. घरच्यांच्या मते ही प्रायश्चित्ताची जरा अतिच रीत होती. रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात, भंगारवाल्यांच्या गोणपाटावर, पान्हे आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या मधे असे एखादे यंत्र सापडते. पन्नास रुपयांपासून दीडशेपर्यंत बोली होते आणि ‘चालतंय का?’ या प्रश्नावर विकणारा प्रामाणिकपणे सांगतो, “चालाय काय लागतंय त्येला? सेल न्हाई, वायर न्हाई.” त्याचे म्हणणे खरेच आहे. या वस्तूत बिघडण्यासारखे फार थोडे आहे, आणि ती तशी आहे याचे श्रेय दोन माणसांना जाते. किंग कॅम्प जिलेट, ज्याला आपण गिलेट म्हणतो, हा बाटल्यांच्या बुचांचा फिरता विक्रेता. वापरून फेकून देता येईल अशा पातळ पात्याची कल्पना त्याला १८९५ मध्ये सुचली. कल्पना सुचली, पण कागदासारखे पातळ पोलाद कडक करायला गेले की ते वेडेवाकडे होई, आणि जाणकारांनी हे होणे नाही असेच सांगितले. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते करून दाखवले. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्यांची ५१ यंत्रे आणि १६८ पाती खपली. दुसऱ्या वर्षी यंत्रांचा आकडा नव्वद हजारांवर गेला आणि त्याच वर्षी, नोव्हेंबर १९०४ मध्ये, एकस्व म्हणजे पेटंट मिळाले. पात्यांच्या कागदी वेष्टनावर कित्येक वर्षे या गिलेटचेच चित्र छापलेले असे, आणि त्या चित्रात त्याला भरघोस मिशा आहेत. कोल्हापुरात त्याचा माल खपायला तेवढी शिफारस पुरेशी झाली असती.

यंत्राची करामत टोपीच्या कमानीत आहे. ब्लेडची जाडी फक्त ०.१ मिलिमीटर, सुटे हातात धरले तर ते पानासारखे लवते. मूठ आवळली की टोपी त्याला खालच्या पट्टीवर दाबून वाकवते, आणि वाकलेला पातळ पत्रा सरळ पत्र्यापेक्षा कितीतरी ताठ होतो. रोजचे वर्तमानपत्र किंचित वाकवून धरले तर ते हातात उभे राहते, तोच हा प्रकार. ब्लेडची धार पट्टीच्या दातांच्या किती पुढे राहील हेही ही कमानच ठरवते. म्हणून जुने यंत्र हाती आले की मी आधी चकाकी पाहत नाही. ब्लेड बसवून, दिव्याकडे धरून, दोन्ही बाजूंना धार दातांशी समांतर आहे का ते पाहतो. एखादा दात आत दबला असेल तर तिथे धार जास्त उघडी पडते आणि हनुवटीवर रक्त निघते. दबलेला दात वाकवून जागेवर आणण्यासाठी मी लाकडी चिमटा वापरतो. पितळ एक-दोनदा वाकण्याची परवानगी देते, तिसऱ्यांदा तुटते.

धातू ओळखणे हे दुसरे काम. निकेलला दुधात केशराचा थेंब पडावा तशी पिवळसर ऊब असते, क्रोमला थंड निळसर झाक. चांदी काळी पडते, पण त्या काळेपणात जांभळ्या-तपकिरी छटा असतात, आणि ती काळजी खोटी असते. तो चांदी आणि गंधक यांचा संयोग आहे. भांड्यात ॲल्युमिनियमची पातळ पन्नी अंथरून त्यावर गरम पाणी आणि खायचा सोडा घातला की ते गंधक ॲल्युमिनियमकडे जाते आणि चांदी जागच्या जागी राहते, एकही कण न घासता. आमच्या जिल्ह्यात चांदीसाठी हुपरीचे नाव आहे. तिथल्या एका कारागिराला मी मोठ्या उत्साहाने ही युक्ती सांगितली, तेव्हा त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि ‘एवढा वेळ कुनाला हाय?’ असे विचारले. काही स्वस्त यंत्रांच्या मुठी जस्ताच्या ओतीव मिश्रधातूच्या असतात. त्यांचा मुलामा फोडांसारखा फुगून निघतो, खाली राखाडी खड्डे पडलेले असतात आणि त्यावर कसलाच इलाज नसतो. अशी यंत्रे मी आता घेत नाही. बेकेलाइटच्या, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकच्या, डब्या मात्र रिकाम्या मिळाल्या तरी घेतो.

एका रविवारी मिळालेल्या निकेलच्या यंत्राच्या मुठीवर केसासारख्या उभ्या चिरा होत्या. पडून फुटल्या असाव्यात असे मला वाटले. पण पितळेची नळी पडल्यावर चेपते, ती अशी सरळ रेषेत तडकत नाही. शोधता शोधता एक जुनी हकीकत वाचनात आली, आणि ती आपल्याच देशातली निघाली. एकोणिसाव्या शतकात इंग्रज फौजेची पितळी काडतुसे हिंदुस्थानातल्या पावसाळ्यात आपोआप तडकत. ती ठेवलेली असत घोड्यांच्या पागांमध्ये. पागेतल्या लघवीतून निघणारा अमोनिया, हवेतला दमटपणा आणि काडतूस ओढून घडवताना पितळेत राहून गेलेला ताण, या तिन्हींच्या संगनमताने धातू आतून फाटत असे. याचा शास्त्रीय उलगडा व्हायला १९२१ साल उजाडावे लागले. मुठीच्या नळ्यांतही घडवतानाचा ताण राहून गेलेला असतो. तेव्हापासून अमोनिया असलेले कुठलेही द्रावण मी यंत्रांच्या जवळ आणत नाही, आणि कल्हईवाल्याच्या नवसागराचा, म्हणजे अमोनियाच्याच क्षाराचा, तो धूर आठवला की आता वेगळेच काहीतरी आठवते. त्या तडकलेल्या मुठीसाठी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याने आत नेमकी बसेल अशी पितळेची कांडी काढून दिली. ती चिकटद्रव्यात बुडवून आत सरकवली आणि मूठ पुन्हा कामाची झाली. चिरा बाहेरून दिसतात. त्या बुजवायचा मी प्रयत्न केलेला नाही.

उद्यमनगरात गेलोच होतो, म्हणून आबांचे यंत्र बरोबर नेले. तिथल्या एका गल्लीत प्लेटिंगवाल्याचे दुकान आहे; दारातच सुती चाके फिरत असतात, ओप देण्याच्या हिरव्या वडीची पूड हवेत असते आणि आत टाक्यांमधले निकेलचे पाणी इतके हिरवेगार असते की पावसाळ्यातले डबके वाटावे. त्याच्याकडे गाड्यांचे भाग, देवाऱ्यांचे कळस, नळाच्या तोट्या येतात. आबांचे यंत्र त्याने तळहातावर तोलले. सोन्याचा मुलामा पुन्हा चढवता येईल, आधी निकेल द्यावे लागेल, मग सोने, असे तो म्हणाला आणि खर्चही फार सांगितला नाही. मी जवळजवळ हो म्हटले होते.

“पर आदी बफ मारून समदं एकसारकं कराय लागंल,” तो म्हणाला, “डाग ऱ्हायला तर त्यो वर उटून दिसतोय. आन् ही अक्षरं पुसट हुत्याली. चालंल न्हवं?”

मुलामा चढवण्याआधी पृष्ठभाग निर्दोष करावा लागतो. मुलामा दोष झाकत नाही, उलट आरशासारखा दाखवतो. मुठीवरच्या खाचांच्या कडा सुती चाकापुढे गोल होणार होत्या, ‘मेड इन इंग्लंड’ विरणार होते, आणि पट्टीवरची ती गंजाची चौकट, जी मी शिवणयंत्राच्या तेलाने पुसून पुसून फिकी केली होती पण पूर्ण घालवली नव्हती, ती तर सगळ्यात आधी जाणार होती. मी विचार करून सांगतो म्हणालो. प्लेटिंगवाल्याला या वाक्याचा अर्थ माझ्यापेक्षा आधी कळला असावा, कारण त्याने यंत्र लगेच कागदात गुंडाळून परत दिले.

घरी आल्यावर मला पंचनाम्याचा फोटो आठवला. सोने मुळात कुठे कुठे होते हे पाहावे, एवढाच हेतू होता. जुन्या मोबाइलमधून तो शोधून काढला आणि संगणकाच्या पडद्यावर मोठा केला. गाळ होता, पण ओला असल्यामुळे तो ठिकठिकाणी ओघळून गेला होता, आणि मुठीचा बराचसा भाग उघडा दिसत होता. मुठीवर सर्वत्र हळदीचा तो गडद पिवळा रंग होता. फक्त तीन ठिकाणी, टोपीच्या बरेच जवळ, लांबट गोल डाग होते. दोन एका बाजूला, एक त्यांच्या समोर. त्या डागांत खाचा झिजून जवळपास सपाट झाल्या होत्या आणि तिथे सोने नव्हते. मी पडद्यासमोर बसून उजव्या हाताची बोटे हवेत जुळवून पाहिली. दोन बोटे आणि अंगठा. आबा मूठ शेवटाला धरत नव्हते, मानेशी धरत होते. तरुणपणी वस्तरा वापरलेल्या माणसाची सवय असेल, किंवा हात थरथरू लागल्यावर लागलेली असेल. दाढी करताना मी त्यांना शेकडो वेळा पाहिले होते आणि हे माझ्या कधीच लक्षात आले नव्हते.

पुरामध्ये पाच-सहा दिवस राहूनही ते तीन डाग तसेच राहिले होते. सोने आणि पितळ यांच्या मधली ती सीमारेषा पुसली गेली ती माझ्या हातून, चिंचेच्या कोळाने, अर्ध्या तासात. आता सगळेच पितळ आहे. खाचांची झीज तेवढी अजून बोटाला लागते, तीही डोळे मिटून फिरवले तर.

आत्तीला मी फोटो दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारले, “मग आता तू त्यानं दाढी करतोस का नाही?” तोपर्यंत मी करत नव्हतो. यंत्र फळीवर शोभेला होते. “ठेवून काय पूजा करायची हाय?” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पिरिटने पुसून मी त्यात नवे ब्लेड बसवले. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या रचनेच्या त्या यंत्रात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातले आजचे ब्लेड बसते, ही गिलेट आणि निकरसन यांची करामत म्हणावी की पुढच्या कारखानदारांची सोय, ते मला ठरवता येत नाही. पहिल्या दिवशी कानाजवळ कापले. या यंत्राला वजन असते आणि वजनालाच काम करू द्यायचे असते. प्लास्टिकच्या रेझरची सवय असलेला हात दाब देतो आणि तिथे फसतो. आठवड्याभरात हात हलका झाला. दाढी झाल्यावर तिन्ही भाग सुटे करतो, धुतो, पंचाने कोरडे करतो, ब्लेड वेगळे पुसून त्याच्या कागदात ठेवतो. घासत मात्र कशानेही नाही.

याला आता दोन वर्षे होतील. उघडे पितळ हवेने आणि पाण्याने तपकिरी होत गेले, टोपी जुन्या पैशासारखी दिसू लागली आणि मूठही त्याच रंगाला आली. फक्त जिथे माझी बोटे रोज टेकतात, तिथे ती काळी पडलेली नाही. तीन लांबट गोल ठिपके उजळ पिवळे राहिले आहेत. फोटो शेजारी ठेवून मी ते ताडून पाहिले. आबांच्या डागांपेक्षा ते बोटभर खाली आहेत.